पुळणीवरची खालची जागा

खाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या खाजणवाडीच्या पुळणीवर बायकांच्या बसायच्या जागा ठरलेल्या आहेत. वर उंडीच्या झाडाखाली आनंदीची, तिच्या खालच्या अंगाला सावित्रीची, मग वाळू जशी उतरत जाते तशी एकेकीची, आणि सगळ्यात खाली, पाण्याला चिकटून, माझी. होड्या लागल्या की आपापल्या जागेवर बसायचं, मासळी निवडायची, आपल्या खळीत धुवायची आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. खळी म्हणजे वाळूत खणलेला खळगा, भोवती चिऱ्याच्या तुकड्यांचं कडं. भरतीचं पाणी तिच्यात शिरतं आणि ओहोटी लागल्यावरही जरा वेळ टिकतं. एकीच्या जागेवर दुसरी बसत नाही. चुलीवरचा भात बघायला घरी जायचं झालं तर मासळीची पाटी जागेवर उपडी घालून जायचं. पाटी बसली आहे म्हणजे बाई बसली आहे, अशी आमच्याकडची रीत.

गिऱ्हाईक वरून, रस्त्याकडून येतं. ते आनंदीकडे थांबतं, सावित्रीशी घासाघीस करतं, आणि माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याची पिशवी भरलेली असते. भरती मात्र खालून येते. ती एकदाही चुकून आनंदीकडे आधी गेली नाही. "नर्मदे, उठ गो, इला पाणी!" असं वरून कुणीतरी ओरडायचं, मी भिजलेली साडी पिळत उठायची, आणि वरच्या सगळ्या मजेत हसायच्या. मला हसू यायचं नाही. मी मुळात तापट, आणि ओल्या साडीत तर फारच.

ही जागा मला सासूकडून आली, तिला तिच्या सासूकडून. माझा नवरा गुरुदास रत्नागिरीला दुसऱ्याच्या ट्रॉलरवर. आमची होडी नाही, जमीन नाही, कलमाचं एक झाड नाही. अंगाखाली मावेल एवढी वाळू, एवढीच आमची इस्टेट. सासू पार्वती आता डोळ्यांनी अधू झाली होती, पण जिभेनं धडधाकट. तिला मी कितीदा म्हटलं असेल, "आये, तुझ्या सासूक दुसरी जागा गावली नाय?"

तिचं उत्तर ठरलेलं. "दर्यो पयलो आपल्याकडे येता गो."

"भिजवूक येता," मी म्हणायची.

आणि दोन हजार सहाच्या पावसाळ्यानंतर ही जागासुद्धा जाणार असं कळलं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीला आमच्या पुळणीवर पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. पुळण मोकळी पडली आहे, तिथे कुणी काही करत नाही, असा त्यांचा अर्ज. सिमेंटचे खांब ट्रकमधून आले आणि रस्त्याच्या कडेला रचूनही ठेवले. ज्यानं तो अर्ज लिहिला तो बहुधा दुपारी बारा वाजता येऊन गेला असावा. त्या वेळेला आम्ही घरी जेवत असतो.

आधी आम्ही रीतीप्रमाणे मालवणात कचेरीसमोर धरणं धरलं. मांडव होता, फलक होते, माईकवर बोलणारे होते. पण हातात काम नाही, समोर पाणी नाही, पाठीला वारा नाही. आम्ही बायका त्या सतरंजीवर अशा अवघडून बसलो की येणारे-जाणारे आमच्याकडे लग्नातल्या परक्या वऱ्हाडाकडे बघावं तसं बघत होते. परतताना एसटीत मी वैतागून म्हटलं, "बसूचाच आसा तर आपापल्या जागेर बसूया. थंयच काय तो अर्ज खोटो पडात." मी नुसतं चिडून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तेच ठरलं.

आम्ही आपापल्या जागेवर बसलो. सकाळची मासळी संपली तरी उठायचं नाही, दिवस मावळेपर्यंत बसायचं. पुरुषमाणसं पाळीपाळीनं उंडीमागच्या बांधावर बसायची, पण पुळण आमची. आणि मला एक सांगायला हवं: जन्मभर त्या जागेवर बसून मी ती जागा पाहिलीच नव्हती. पाहायला वेळ कुणाला होता? हात रिकामे झाले तशी दुपार किती मोठी असते ते कळलं. पाणी दूर सरकायचं आणि त्याच्यामागे वाळूवर आभाळ पडून राहायचं. खेकडे बिळातून यायचे, आमच्याकडे बघायचे, आम्ही हललो नाही की कामाला लागायचे. खाडीच्या पलीकडच्या तीरावरची सुरूची झाडं उन्हात विरघळल्यासारखी व्हायची. सावित्री बसल्या बसल्या पेंगायची, आनंदी कधीतरी गुणगुणायची, आणि तो आवाज वरून खाली, एकेकीला लागून माझ्यापर्यंत यायचा. मला वाटायचं, आम्ही सगळ्या एकच स्वप्न बघतोय, आणि बोललो तर ते मोडेल. भांडणं बंद पडली होती. मी आनंदीशी बरेच दिवस भांडले नाही, तेव्हा तिनं मला बरं नाही की काय म्हणून विचारलं.

मग कचेरीतले साहेब येऊन गेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पाहणीचा दिवस सांगितला. त्या दिवशी मोजणीदाराला घेऊन येणार, जागा वापरात आहे की मोकळी ते बघणार आणि तसं लिहून वर पाठवणार. आम्ही निश्चिंत झालो. बसायचंच तर आहे, त्यात काय अवघड.

आणि त्याच आठवड्यात देवानं गावपळणीचा कौल दिला.

गावपळण म्हणजे काही वर्षांनी देवाच्या हुकमानं सगळ्या गावानं गाव सोडायचा. तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या बांधून राहायचं. माणसं तर जायचीच, पण गुरं, कोंबड्या, कुत्रे, मांजरं, कुणी म्हणून मागे उरायचं नाही. गाव तेवढे दिवस देवाचा. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि देवानं हो म्हटलं की परत यायचं. ह्यात सूट नाही. आजारी माणसाला खाटेसकट उचलून नेतात. ह्या खेपेला अवसेच्या आदल्या दिवशी निघायचं ठरलं, आणि साहेबांची पाहणी अवसेच्या दुसऱ्या दिवशी.

आम्ही साहेबांकडे गेलो. तारीख पुढे ढकला म्हणून हात जोडले. ते म्हणाले, "तुमचा देव माझ्या हातात नाही, आणि तारीखही माझ्या हातात नाही. त्या दिवशी माणूस बसलेलं दिसलं तर तसं लिहीन. नाही दिसलं तर तसं लिहीन."

मग आम्ही लवू गावकारांकडे गेलो. कौल लावायचा मान त्यांचा. पार्वती माझा हात धरून पुढे झाली.

"मी रवतंय मागे," ती म्हणाली. "माका धड दिसणा नाय. देवाक सांगा, म्हातारी चुकान रवली."

"म्हातारे, देवाक फसवतस?" लवू गावकार म्हणाले. रागावले नाहीत, पण हलले पण नाहीत. आणि खरं सांगायचं तर आम्हा कुणाचीही मागे राहायची छाती नव्हती. जागा जाईल ही भीती होती, पण देवाचा हुकूम ओलांडायची भीती त्याहून जुनी.

शेवटी आनंदी म्हणाली, "पाटये घालून जावया." आम्हा सगळ्यांना ते पटलं. पाटी बसली म्हणजे बाई बसली. साहेबाला हे कुठून कळणार, असा विचार एकीच्याही डोक्यात आला नाही. आम्हाला ते दिवसाउजेडाइतकं उघड होतं. निघायच्या सकाळी आम्ही आपापल्या जागेवर पाट्या उपड्या घातल्या, सावित्रीनं तर आपल्या पाटीला जुनी साडीही नेसवली. मी माझ्या पाटीवर हात ठेवला आणि तिला म्हटलं, "बस गो गुमान." मग होड्यांत बसून, कोंबड्या काखेत मारून, आम्ही खाडीच्या पलीकडे गेलो.

पलीकडचा तीर दुसऱ्या गावचा. सुरूच्या झाडांखाली झोपड्या उभ्या राहिल्या, चुली पेटल्या, मुलं उधळली. गावपळणीत सगळ्यांनाच जरा सुटल्यासारखं होतं. पण मी पाण्याच्या कडेला बसून समोर बघत राहिले. आमचा गाव समोर होता. एका घरातून धूर नाही, एक कुत्रं भुंकत नाही, एक दार वाजत नाही. माड हलत होते, तेवढेच. आपण गेल्यावर घर कसं दिसेल, हे जिवंतपणी बघायला मिळणं विचित्र असतं. गाव आमच्याविना बरा दिसत होता, आणि त्याचा मला थोडा रागच आला. पुळणीवर आमच्या पाट्या ओळीनं बसल्या होत्या, वरपासून खालपर्यंत. लांबून बघताना मध्येच वाटायचं, त्या बायकाच आहेत, आणि इकडे बसलेल्या आम्ही कोणी दुसऱ्याच.

दुसऱ्या दिवशी अवस. दुपारी उधाण चढलं. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की आम्ही काय करून बसलो होतो. पाटी ठेवून जायची रीत ती भात बघून येण्यापुरती. भरती आली की जी ती आपली पाटी उचलते. पाटी ठेवून आख्खी भरती कुणी कधी दुसरीकडे काढलीच नव्हती. आम्ही, ज्यांना झोपेतही ओहोटी कळते, उधाण विसरलो होतो.

सगळ्यात आधी माझी पाटी उठली. ती तर ठरलेलंच. जरा डुलली, गोल फिरली आणि निघाली. मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. सगळ्या बायका काठावर येऊन उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. पाट्या शांतपणे एकामागून एक खाडीत शिरत होत्या, सावित्रीच्या पाटीचा पदर पाण्यावर पसरला होता. भरतीच्या ओढीनं त्या वळल्या आणि आमच्याच बाजूला येऊ लागल्या. आमचं धरणं उठून आमच्याकडे यायला निघालं होतं. ते इतकं सुंदर दिसत होतं की मला रडू आवरेना. आम्ही गुडघाभर पाण्यात उतरलो आणि जिनं तिनं आपली पाटी ओळखून हातात घेतली.

समोर पुळण नव्हतीच. उंडीच्या मुळांपर्यंत पाणीच पाणी. आणि उद्या साहेब येणार होते.

"पाणी बसला आमच्या जागेर," मी ओरडले, "आणि आमी हंय पाटये धरून उभी!"

माझं मलाच ते ऐकू आलं. मी ओल्या साडीनं तशीच लवू गावकारांच्या झोपडीकडे गेले. मागून सगळ्या आल्या.

"भावोजीनु, एक इचारतंय. पाणी भरला काय पुळण गावात रवता, की दर्यात जाता?"

लवू गावकारांनी पान जुळवलं, तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं. कौल घ्यायला देव पलीकडे होता, तेव्हा त्यांना एकट्यालाच विचार करायचा होता.

"गणपती आपण खंय सोडतंव?" त्यांनी विचारलं.

"पुळणीर. भरती बघान."

"आणि पाण्यात सोडल्यार काय म्हणतंव?"

"गणपती गावाभायर गेलो."

"झाला तर," लवू गावकार म्हणाले. "पाणी आसा थंय गाव नाय. बसा खुशाल. पण पाणी सरला काय गाव परत इलो. मगे थंय पाय लावचो नाय."

दुसऱ्या दिवशी पाणी चढायला लागल्यावर आम्ही होड्यांतून निघालो. पार्वतीनं हट्ट धरला म्हणून तिलाही घेतलं. पाण्याबरोबरच आम्ही पुळणीवर गेलो, आणि खाली पायानं चाचपडत आपापल्या खळीचं कडं शोधलं. पायाला चिरा लागला की बसायचं. वर आनंदी वीतभर पाण्यात मांडी घालून बसली, देवघरात बसावी तशी. सावित्रीच्या मांड्या बुडाल्या. खाली खाली येताना पाणी एकेकीच्या कमरेला, छातीला, आणि माझ्या हनुवटीला. मी गुडघ्यांवर बसले होते, नाहीतर नाकात गेलं असतं.

तसं बसणं मी पुन्हा कधी बसले नाही. पाणी आधी गार होतं, मग त्याचं गारपण कळेना. साडी अंगाभोवती आपली आपण हलत होती. बारकी मासळी येऊन पायाच्या बोटांना तोंड लावून जायची. जन्मभर मी त्यांना निवडलं, आज ती मला निवडत होती. समोर गाव डोळे मिटून पडलेला. माझ्या घराचं दार दिसत होतं, दारावरची कडी दिसत होती, आणि ते घर माझं आहे हे मला आठवून आठवून पटवावं लागत होतं. पाण्याला आवाज नव्हता. वरून आनंदीचं गुणगुणणं आलं आणि ह्या खेपेला ते पाण्यावरून आलं, सरळ कानात. साहेब बारा वाजता येणार होते. आले नाहीत. आम्हाला घाई नव्हती. मला तर वाटत होतं की नाही आले तरी चालेल, आपण अशाच बसून राहू.

पण पाणी काही कचेरीचा नोकर नव्हे. ते आपल्या वेळेला फिरलं.

आनंदीच्या जागेवरचं पाणी आधी गेलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी म्हणालं, "आनंदी, उठ गो, गेला पाणी!" म्हणाले मीच. ती उठली, पाण्यापाठोपाठ खाली आली आणि होडीत चढली. मग सावित्री. मग तिच्या खालची. एकेकीच्या कमरेवरून, मांड्यांवरून पाणी उतरायचं, ती खाली मान घालून बघायची, आणि उठायची. आता मला हसू येत नव्हतं. वाळू वरून उघडी पडत खाली येत होती, आणि होड्या भरत होत्या.

जीप आली तेव्हा पुळणीवर मी एकटी उरले होते. पाणी माझ्या कमरेपर्यंत होतं.

साहेब उतरले, मोजणीदार उतरला, कंपनीचा एक माणूस आपल्या गाडीतून उतरला. होड्यांतून सगळ्या एकदम ओरडायला लागल्या, "आमी आसव! आमी हंय आसव!" साहेबांनी कपाळावर हात धरून बघितलं.

"होडीतल्या माणसांना मी जागेवर बसलेली कशी लिहू?" ते म्हणाले. मोजणीदारानं उंडीपासून पट्टी लावली आणि नकाशा बघत खाली येऊ लागला. तो नकाशा कुणीतरी अर्ध्या ओहोटीला काढलेला होता. पट्टी आली ती माझ्या पलीकडे दोन हात जाऊन थांबली. म्हणजे मी हद्दीत होते. जेमतेम, पण होते.

"उठेल ती आता," कंपनीचा माणूस म्हणाला. त्याला कुणीतरी गावपळणीचं सांगितलं असावं. तो घाई करत नव्हता. तो पाण्याकडे बघत होता.

पाणी माझ्या मांड्यांवर आलं. मग पोटऱ्यांवर. एका लाटेनं मला पुरतं उघडं टाकलं, दुसरीनं पुन्हा झाकलं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. उठले तर जागा गेली, माझीच नव्हे, सगळ्यांची. नाही उठले तर देवाच्या गावात बसलेली मी एकटी, आणि पुढे कुणाच्या घरी काहीही वाईट झालं तरी बोट माझ्याकडे. आयुष्यभर जिला शिव्या दिल्या ती ही जागा, आणि आता ती हातातून जाताना मला वाटलं की माझा कुणीतरी हातच ओढून नेतंय. मी वाळूत बोटं रुतवली.

"खळीत बस गो!" होडीतून पार्वती ओरडली. तिला काही दिसत नव्हतं. तिनं पाण्याचा आवाज ऐकूनच ओळखलं असावं. "नर्मदे! खळीत पाणी आसा. खळीत बस!"

खळी काही माणसासाठी नसते. पाटीभर मासळी मावेल एवढी ती असते आणि मी काही बांध्यानं बारीक नाही. पण मी सरकले, गुडघे छातीशी घेतले आणि चिऱ्याच्या त्या कड्यात स्वतःला कोंबलं. समुद्र माझ्या आजूबाजूनं निघून गेला, आणि त्याचा एक तुकडा माझ्याबरोबर मागे राहिला. मी एका शिंपल्यानं खळीचं बूड खणायला लागले. खालची जागा असल्यानं वाळूतून पाणी झिरपत होतं. वरच्या खळ्या केव्हाच कोरड्या झाल्या होत्या.

होडीत लवू गावकार उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पान थुंकलं आणि मान हलवली. "पाण्यात आसा ती," ते म्हणाले.

साहेब ओल्या वाळूतून माझ्यापर्यंत आले. "बाई, उठा. थंडी भरेल," ते म्हणाले.

"नाही साहेब," मी म्हटलं. कचेरीच्या माणसाशी बोलताना माझी भाषा आपोआप नेसून-सवरून उभी राहते. "उठले तर गावात येईन. आज गावात यायला बंदी आहे. मी समुद्रात बसलेय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खळीकडे. "हे काय आहे?"

"माझी खळी. मासळी धुवायची. सासूची होती."

तेव्हा त्यांनी मान वर केली आणि पुळणीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. पाणी गेल्यावर चिऱ्याची कडी उघडी पडली होती, माझ्यापासून उंडीपर्यंत, एकेक.

"ह्या सगळ्या...?"

"सगळ्या, साहेब." आणि मी त्यांना सांगायला लागले, कुठली कुणाची. कुणीही सांगताना वरून, आनंदीपासून सुरुवात करतं. मी खालून केली. "ही माझी. ती वरची रुक्मिणीची, तिच्या वरच्या अंगाला द्वारकाची..." मी बोट दाखवत गेले, होडीतून जिची तिची हाक यायला लागली, आणि साहेबांचं बोटही माझ्या बोटाबरोबर वर वर जात राहिलं.

शेवटी त्यांनी बूट काढले. कंपनीचा माणूस पुढे होऊन म्हणाला, "साहेब, इथे कुठे चिखलात? वर चला ना, उंडीखाली सावलीत बसून लिहा."

"नको," साहेब म्हणाले. "ती आनंदीबाईंची जागा आहे."

आणि ते माझ्या शेजारी, कुणाचीच नव्हती अशा वाळूवर, खाली बसले. गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं, मला वाचून दाखवलं. जागा वापरात आहे, असं त्यात होतं. माझी सही ओली झाली. पुढे अर्ज झाले, कचेऱ्या झाल्या, ते चालूच असतं, पण ते खांब पुळणीवर आले नाहीत. रस्त्याकडेला त्यांच्यात गवत वाढलं आणि एका उन्हाळ्यात ट्रक येऊन ते घेऊन गेला.

जीप गेली. गाव पुन्हा शांत झाला. आणि मग माझ्या लक्षात आलं की पाणी आता माझ्यापासून चांगलं लांब गेलं होतं, आणि मधल्या वाळूवर पाय ठेवायची मला परवानगी नव्हती.

"फळी टाकूया?" सावित्री म्हणाली.

"फळी वाळूर टेकतली मगे," लवू गावकार म्हणाले.

"रवांदे," मी म्हटलं. "बसतंय मी. माका उठूचाच नाय." आणि ते खरं होतं.

बाकीच्या होड्या पलीकडे गेल्या. पार्वती एका होडीत राहिली, आनंदी तिच्या सोबतीला. पाणी ओसरेल तशी त्यांची होडी मागे मागे जात होती. आम्ही बोलत होतो, आधी साध्या आवाजात, मग हाका मारून. मग नुसती हाकच. उन्हं उतरली, वाळूचा रंग बदलला, खेकडे आले आणि मला ओलांडून गेले. मी मधूनमधून शिंपल्यानं खणायची, ओंजळभर पाणी यायचं, आणि तेवढ्या पाण्यात मी समुद्रात होते. मागे रिकामा गाव, पुढे लांब गेलेलं पाणी. मला कुणी हाकलणारं नव्हतं, कुणी उठ म्हणणारं नव्हतं. तिन्हीसांजेला कुठल्याच घरात दिवा लागला नाही, आणि तरी मला एकटं वाटलं नाही. मी सासूच्या सासूचा विचार करत होते. तिचं नावही मला ठाऊक नव्हतं. हे चिरे तिनं आणून लावले असणार.

अंधार पडला. पलीकडे सुरूखाली चुली दिसत होत्या. मध्ये सगळं काळं, आणि त्या काळ्यात कुठेतरी वल्ह्याचा आवाज. तो आवाज हळूहळू जवळ येत होता.

मग माझ्या अंगठ्याला काहीतरी गार लागलं. गेलं. पुन्हा लागलं.

"नर्मदे," अंधारातून पार्वतीची हाक आली. "इलो काय गो?"

मी हात पुढे केला. खळीच्या कड्यावरून पाणी आत येत होतं.

"इलो, आये," मी म्हटलं. "पयलो आपल्याकडेच इलो."